गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला चाललाय? टंगमर्गात पॅन्ट घेऊ नका

गुलमर्गच्या खालचं टंगमर्ग गाव आलं की ड्रायव्हर ठरलेल्या दुकानासमोरच गाडी लावतो आणि सांगतो, "वर काय मिळत नाही, ड्रेस इथंच घ्या." धादांत खोटं. गुलमर्गात बोर्ड, बूट, पॅन्ट सगळं भाड्यानं मिळतं आणि आमच्याकडनं खाली जे काढलं त्याच्या निम्म्यात मिळत होतं. पैशाचं एक वेळ सोडा, पण ती पॅन्ट! चकचकीत कापड, हाताला जाड, दुकानदार वर पाणी शिंपडतो, थेंब घरंगळून जातात आणि आपण गप पैसे मोजतो. ते थेंब वरच्या कोटिंगमुळं घरंगळतात, आत पाणी जाणार का नाही हे त्यावरनं कायसुद्धा कळत नाही.

मुळात स्कीवाला उभा असतो आणि बोर्डवाला बसलेला. दोन्ही पाय एकाच फळीला बांधायचे म्हटल्यावर नवशिक्याला बर्फात बूड टेकूनच पट्टे आवळायला लागतात, मागं पडला तर बुडावर, पुढं पडला तर गुडघ्यावर. अंगाच्या उबेनं खालचा बर्फ वितळतो आणि वजनानं ते पाणी कापडात रेटलं जातं, पावसाच्या थेंबापेक्षा हा दाब कितीतरी जास्त. माझी पॅन्ट पहिली भिजली ती बुडाच्या मधल्या शिवणीवर, जिथं चार तुकडे एकत्र येतात तिथं. रात्री उलटी करून बघितली तर शिवणीतनं पाणी आत येऊ नये म्हणून आतनं चिकटवतात तो टेप नावाला नाही, नुसते दोरे लोंबत होते. दुपारी ऊन गेलं, वारं सुटलं आणि गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, लाईनीत उभं राहून मांड्यांवर कापड पापडासारखं कडक झालं. कोंगडोरी, म्हणजे गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो ते ठिकाण, ३,००० मीटरच्या वर, तिथं ओल्या बुडानं उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे मर्दांनो.

तर निघायच्या आधी विकत घ्यायची तर कशी. लेबलवर वॉटरप्रूफचा आकडा बघा, १०,००० मिमी म्हणजे कापडावर १० मीटर उंच पाण्याचा दाब पेलतं, बोर्डवाल्यानं त्याच्या खाली जाऊच नये, २०,००० असेल तर उत्तम. मग पॅन्ट उलटी करा, सगळ्या शिवणींवर टेप पाहिजे, काही ठिकाणी फक्त मोक्याच्या शिवणींवर असतो, तिथं निदान बूड तरी बघून घ्या. मांडीच्या आतल्या बाजूला वाफ बाहेर जायला चेनची खिडकी आणि बर्फ आत शिरू नये म्हणून खाली बुटावर बसणारा इलॅस्टिकचा घेर नसेल तर सरळ परत ठेवा. गरमपणासाठी जाड कापूस भरलेली नको, शिकताना पडून उठून घाम निघतो, त्यापेक्षा पातळ अस्तर आणि आत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल. सुती काहीच नको.

बाइकचा रेनसूट चालंल का असं आपल्याकडं हमखास विचारतात. गगनबावड्याच्या पावसात भारीच, पण घाम बाहेर जात नाही, आतनं चिंब व्हाल.

फिटिंगला कमरेच्या नंबरावर जाऊ नका. आमच्यातला एक तालमीत वाढलेला, कंबर ३४ पण मांडी बघितली तर दोघांची, त्याची पॅन्ट पहिल्याच दिवशी जांघेत उसवली. थर्मल घालून ट्रायल रूममध्ये बैठका मारा, गुडघ्यात ओढलं किंवा मागनं कंबर खाली सरकली तर एक साईज वर घ्या, कंबर वेल्क्रोनं आवळता येते. घरी आल्यावर ओलं पोतं अंथरून त्यावर पंधरा मिनिटं बसा, घरचे हसतील, हसू देत, बिल मात्र जपून ठेवा.

श्रीनगर, दल वगैरे झकास, त्यावर लिहिणारे बक्कळ आहेत. हॉटेलवर पॅन्ट बुखारीला (खोली गरम करायच्या शेगडीला) चिकटवून वाळवू नका, कापड आकसतं आणि टेप सुटतो. लांब दोरीवर टाका, आणि धुताना कम्फर्टसारखं सॉफ्टनर अजिबात नको.