करंट किती महिन्यांचं करायचं?

"ताई, करंट किती महिन्यांचं करू? बारा पुरे, की अठरा?"

राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेची तारीख जाहीर झाली की करंटचा, म्हणजे चालू घडामोडींचा, हा प्रश्न मला दिवसाआड येतो. तुम्ही विचारलंत म्हणून आधी सरळ उत्तर देते. पूर्वसाठी परीक्षेच्या आधीचं एक वर्ष, फार तर पंधरा महिने. पण एवढं सांगून फोन ठेवला की मला चैन पडत नाही. कारण राज्यसेवेच्या दुसऱ्या प्रयत्नाला मी पूर्ण अठरा महिन्यांचं करंट केलं होतं आणि पूर्वमध्येच बाहेर पडले होते.

त्या वर्षी माझ्याकडे चार जाड वह्या होत्या. प्रत्येक पानावर तारीख, खाली त्या दिवसाच्या दहा-बारा ओळी. कोणाची नेमणूक, कोणता करार, कोणत्या निर्देशांकात भारत कितवा. पहाटे अभ्यासिकेत गेलं की आधी वही, मग बाकीचे विषय. निकालानंतर बरेच दिवस त्या वह्यांना हात लावला नाही. नंतर एका सराव परीक्षेचा पेपर घेऊन बसले आणि चुकलेला एकेक प्रश्न वहीत शोधू लागले. पाणथळ जागांवरचा एक प्रश्न अजून लक्षात आहे. माझ्या वहीत 'नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२०' असं लाल शाईत लिहिलेलं होतं. (रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा.) त्याच वर्षीचं लोणारही होतं. प्रश्न होता माँट्रो नोंदीवर. ज्या रामसर स्थळांचं नैसर्गिक स्वरूप बिघडलंय किंवा बिघडत चाललंय, त्यांची ही यादी. भारतातली केवलादेव आणि लोकटाक ही दोन तिच्यात आहेत. चिल्काही होतं, पण परिस्थिती सुधारल्यावर २००२ मध्ये ते यादीतून निघालं. हे माझ्या वहीत असणं शक्यच नव्हतं, कारण त्या अठरा महिन्यांत यातलं काहीच घडलं नव्हतं. प्रश्नाला निमित्त ताज्या बातमीचं होतं आणि उत्तर जवळजवळ वीस वर्षं जुनं होतं.

त्या संध्याकाळपासून मी महिने मोजणं सोडलं. बातमी वाचली की एकच गोष्ट शोधायची: हिने अभ्यासक्रमातल्या कोणत्या घटकाला हात लावला? घटक सापडला की बातमी बाजूला ठेवून तो घटक वाचायचा, आणि बातमी त्याच्या समासात एका ओळीत लिहायची.

किल्ल्यांचं उदाहरण घेऊन दाखवते, कारण ते आपल्या घरचं आहे. जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या अधिवेशनात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ल्यांचा समावेश झाला. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. हे भारताचं ४४ वं स्थळ. बहुतेकांच्या वहीत इथे पूर्णविराम पडला. आता जरा पुढे जाऊ. जिंजी का? शिवाजी महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत तो घेतला होता. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज १६८९ मध्ये तिथे पोहोचले, आणि १६९८ मध्ये मोगलांनी किल्ला घेईपर्यंत मराठ्यांचा कारभार बराच काळ तिथून चालला. म्हणजे इतिहासाचा एक तुकडा पक्का झाला. किल्ल्यांचे प्रकार बघा. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड हे डोंगरी. प्रतापगड डोंगरी असला तरी दाट जंगलातला, पन्हाळा पठारावरचा. विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग पाण्यातले. नकाशावर हे बारा ठिपके स्वतःच्या हाताने मांडलेत तर सह्याद्री आणि कोकण किनारा दोन्ही एकदमच उजळून निघतील.

सगळ्यात कामाचं यापुढे आहे. हे किल्ले सांभाळतं कोण? बारापैकी आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. असं का, हा प्रश्न पडला की राज्यघटना उघडावी लागते. केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झालेली स्मारकं केंद्रसूचीत (नोंद ६७), बाकीची राज्यसूचीत (नोंद १२), आणि इतर पुरातत्त्वीय स्थळं व अवशेष समवर्ती सूचीत (नोंद ४०). अनुच्छेद ४९ मार्गदर्शक तत्त्वांत स्मारकांच्या रक्षणाचं बंधन राज्यसंस्थेवर घालतो, ५१क मधलं वारशाचं मूलभूत कर्तव्य तुमच्या-माझ्यावर. राष्ट्रीय स्मारकांसाठी १९५८ चा कायदा आहे. त्यातल्या २०१० च्या दुरुस्तीने स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत नियंत्रण आलं. शिवाय राज्यात आधीपासून कोणती जागतिक वारसा स्थळं होती? अजिंठा आणि वेरूळ १९८३, घारापुरी १९८७, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४, मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८. आणि २०१२ चा पश्चिम घाट, जो यांच्यात एकटाच नैसर्गिक आहे. त्यात आपल्याकडचे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी येतात.

एका बातमीवर माझे जवळजवळ दोन तास गेले. तेवढ्यात मासिकाची पन्नास पानं झाली असती. पण हे दोन तास इतिहास, भूगोल, राज्यघटना आणि पर्यावरण अशा चार विषयांच्या खात्यात जमा झाले. महिन्याभरात अशा आठ-दहाच बातम्या निघतात.

बाकीच्यांचं काय, हा पुढचा प्रश्न असतो. बाकीच्या सोडा. हे सांगताना मला समोरच्याची भीती दिसते, आणि ती मी स्वतः भोगली आहे. सोडलेलीच ओळ पेपरात आली तर? येईलही एखादी. नेमणुका, पुरस्कार, खेळ, दिनविशेष यांची एक याद्यांची वही ठेवा आणि ती परीक्षेच्या आधीच्या महिन्यात दोनदा वाचा. गट ब आणि गट क च्या परीक्षांत असे थेट प्रश्न जास्त दिसतात, म्हणून त्या देणाऱ्यांनी या वहीला थोडा जास्त वेळ द्यावा. आपल्या परीक्षेचे गेल्या पाच वर्षांचे पेपर स्वतः काढून, करंटचा प्रत्येक प्रश्न 'यादीतला' की 'घटकाचा' अशी खूण करून बघा. माझ्या शब्दापेक्षा त्या खुणांवर विश्वास ठेवा. आणि अर्धवट आठवणाऱ्या ओळीची किंमत विसरू नका. राज्यसेवेत चुकीच्या उत्तरामागे प्रश्नाच्या गुणांपैकी पाव हिस्सा कापला जातो, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वमध्ये एक तृतीयांश. शंभर ओळी पुसट माहीत असणाऱ्याला पेपरच्या दोन तासांत फार मोह होतात.

राजकारणाच्या बातम्यांनी मुलांचा सर्वात जास्त वेळ खाल्लेला मी पाहिला आहे. राज्यातल्या सत्तासंघर्षाच्या काळात अभ्यासिकेत तासन् तास चर्चा चालायच्या. कोण कोणाला काय म्हणालं, आता पुढे काय होणार. मी माझ्यापुरता एक कागद केला होता. त्यावर एवढंच: पक्षांतरबंदी आणणारी १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती आणि दहावी अनुसूची, एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेली सूट काढून टाकणारी २००३ ची ९१ वी दुरुस्ती, दोन तृतीयांश विलीनीकरणाची उरलेली सूट, सभागृहाच्या अध्यक्षांचा अपात्रतेचा निर्णय न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या कक्षेत आणणारा १९९२ चा किहोतो होलोहान निकाल. पुढे ११ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला, तेव्हा त्याच कागदाखाली दोन ओळी वाढल्या. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. आणि अध्यक्षांना हटवण्याची नोटीस असताना त्यांना अपात्रतेचा निर्णय देता येतो का, हा नबाम रेबिया निकालाचा प्रश्न मोठ्या पीठाकडे. त्या निकालाबद्दल तुमचं मत असेल, असायलाही हवं. मुलाखतीत ते विचारलं जाऊ शकतं. पण तिथेही आधी हा कागद पाठ असलेल्याचं मत ऐकून घेतलं जातं.

मुख्य परीक्षेने तर हिशेबच बदलला आहे. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, गुणवत्तेसाठी १७५० गुण. एका ओळीची बातमी दहा गुणांच्या उत्तरात पहिल्याच वाक्यात संपते. महिला आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्ती, २०२३, एवढंच माहीत असेल तर पुढे काय लिहाल? पण ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने स्थानिक स्वराज्य संस्थांत एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या, १९९४ मध्येच राज्याने स्वतंत्र महिला धोरण आणलं होतं, आणि १०६ व्या दुरुस्तीने आपला अंमल जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेशी बांधला, हे हाताशी असेल तर उत्तर आपसूक उभं राहतं. तुमच्या गावची सरपंच बाई प्रत्यक्षात कारभार कसा करते हे डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर ते उत्तर जिवंतही होतं.

हे मी नुसतं गुणांसाठी सांगत नाही. नोकरीत आल्यावर वनहक्काचे दावे समोर आले, तेव्हा २००६ च्या कायद्यातली ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हास्तरीय समिती ही साखळी मला नव्याने शिकावी लागली नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले तेव्हाचे लेख वाचताना ती मी एकदा कागदावर काढली होती. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचा अर्ज कुठे अडला आहे ते त्याच दिवशी सांगता आलं. तो कागद अजून माझ्याजवळ आहे.

आता रोजचं. वर्तमानपत्र एकच, तास-सव्वा तासापेक्षा जास्त नाही. मासिक कोणतंही एक. तीन आणून तिन्ही अर्धवट वाचण्यापेक्षा एक दोनदा वाचलेलं बरं. जिथे आकड्याबद्दल मासिकं भांडतात तिथे मूळ कागदाकडे जा: पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रकं, अर्थसंकल्प, केंद्राची आणि महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. राज्याच्या योजनांसाठी 'लोकराज्य' चाळा. नोट्स सुट्या कागदांवर, घटकाचं नाव वर, तारीख कोपऱ्यात. बांधीव वहीत मध्येच दोन ओळी घालता येत नाहीत, आणि करंटमध्ये मध्येच दोन ओळी घालाव्या लागणं हेच मुख्य काम असतं.

एक सवय मात्र आवर्जून लावून घ्या. बदलणारे आकडे पेन्सिलीने लिहा. रेपो दर पेन्सिलीने. पण तो ठरवणारी पतधोरण समिती सहा जणांची, तीन रिझर्व्ह बँकेचे आणि तीन केंद्र सरकारने नेमलेले, महागाईचं लक्ष्य ४ टक्के आणि दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा, हे शाईने. देशातल्या रामसर स्थळांची संख्या पेन्सिलीने, पण इराणमधल्या रामसर शहरात २ फेब्रुवारी १९७१ ला झालेला करार शाईने.

शेवटच्या दहा दिवसांत नवीन काही हातात घेऊ नका. एक खोडरबर घेऊन बसा, पेन्सिलीचा प्रत्येक आकडा एकदा तपासा, बदलला असेल तर खोडून नवा लिहा. सगळे कागद मिळून हे काम दोन दुपारींचं आहे.