खरेदीखताची नक्कल आणि ठाण्याचा किल्ला

"साहेब जेवायला गेलेत, चारनंतर या."

ठाण्यातल्या एका कचेरीत आजोबांच्या खरेदीखताची नक्कल आणायची माझी ही तिसरी खेप. घड्याळात दीड. मामलेदारची मिसळ खाल्ली (मध्यम तिखट सांगूनही नाकातून पाणी आलंच), कौपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले आणि टेंभी नाक्यावरून जेलकडे निघालो.

हो, जेलकडेच. ठाण्याचा किल्ला म्हणजेच आजचं मध्यवर्ती कारागृह. आत जायची सोय नाही (आणि तशी वेळही येऊ नये), तट बाहेरूनच बघायचा. मोबाइल वर केला तोच पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "फोटो नाही, काका."

मला खरं तर तटापेक्षा त्याखालच्या मातीचं कुतूहल होतं. १७८७ साली या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट निघाले, शके ९३९ चे, म्हणजे इ. स. १०१७ चे. रामलोचन पंडितांनी त्यांचा अर्थ लावून दिला आणि कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात तो छापून आला. सुरुवातीला राजाची लांबलचक बिरुदं, आणि मग मुद्द्याची गोष्ट: दान दिलेल्या गावाची चतुःसीमा. पूर्वेला शेजारचं गाव आणि डोंगरावरून पडणारा धबधबा, पश्चिमेला नदी, दक्षिणोत्तर पुन्हा गावं. हजार वर्षांपूर्वीचं खरेदीखतच की! फरक एवढाच, की जमीन बळकावणाऱ्याला अशा ताम्रपटांत साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होण्याचा शाप असतो. आपल्याकडे फक्त मुद्रांक शुल्क.

या किल्ल्याचं नशीब ठरवणारे कागद मात्र दुसऱ्याच गावांत लिहिले गेले. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. त्यानंतर सुरतेच्या तहात (१७७५) राघोबादादांनी साष्टी (ठाणं ज्यावर आहे ते बेट) इंग्रजांना लिहून दिली. पुण्याच्या कारभाऱ्यांनी ते मानलं नाही, लढाया झाल्या, आणि १७ मे १७८२ ला पार ग्वाल्हेरकडच्या सालबाईला साष्टीवर कायमचं पाणी सोडावं लागलं. आधी कब्जा, कागद सात वर्षांनी. ठाण्यात ही पद्धत जुनीच म्हणायची.

याच तटामागून १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले. म्हणे एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता पळायचा बेत मराठी गाण्यात घालून म्हणायचा, आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. कुठे चिठ्ठी नाही, चपाटी नाही. मला तर सगळ्या तहनाम्यांपेक्षा हे गाणंच जास्त आवडतं.

सव्वाचारला साहेब आले, पावणेपाचला नक्कल हातात पडली. पायऱ्यांवरच उघडली. जिल्हा, तालुका, मौजे, मग चतुःसीमा: 'पूर्वेस ओहोळ.'

काकांना फोन लावला. "ओहोळ?" ते हसले. "अरे, आपल्या बिल्डिंगचं पार्किंग आहे ना, तेच. पावसाळ्यात पाणी कुठून येतं वाटलं तुला?"