डार्सीला ठेवा बाजूला

जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी 1813 साली आली, तेव्हापासून सगळे तिच्यातल्या नायिका-नायकाचं, एलिझाबेथ बेनेट आणि डार्सीचंच कौतुक करत बसलेत. करा बापडे. पण मला विचाराल तर ती दोघं निम्मं पुस्तक नुसती फुगून बसलेली असतात, गाडं पुढे ढकलतात ते बाकीचे लोक.

एलिझाबेथची आई, मिसेस बेनेटच घ्या. सगळे तिला येडी ठरवतात. अरे पण पाच पोरी, मुलगा नाही, आणि नवरा गेला की घरदार सगळं लांबच्या नात्यातल्या कॉलिन्सच्या घशात जाणार, मग ती बाई स्थळांच्या मागे लागणार नाही तर काय करेल? डार्सीचा श्रीमंत, बिनलग्नाचा मित्र बिंगले गावात यायच्या आधी त्याचं वर्षाचं चार-पाच हजार पौंडांचं उत्पन्न गावभर झालेलं असतं, डार्सीचे तर दहा हजार. आमच्या खान्देशात सोयरीक निघाली की म्हातारीचा पहिला प्रश्न काय असतो, "पोऱ्या काय करस? शेती किती शे?" नाव-गाव नंतर. आणि मिसेस बेनेटचं थोरल्या पोरीला, जेनला, मुद्दाम बग्गी न देता घोड्यावर धाडायचं, का तर पाऊस लागला की बिंगलेकडेच मुक्काम पडेल! जेन आजारी पडते ती पडतेच, पण मुक्काम होतो ना. जळगाव-धुळ्यात ही बाई जन्माला आली असती तर निम्म्या तालुक्याची लग्नं हिनेच जमवली असती.

पण माझी खरी आवडती एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकस. वय 27, दिसायला साधी, पैसा बेताचा. एलिझाबेथ कॉलिन्सला उडवून लावते आणि तोच कॉलिन्स तीन दिवसांच्या आत दुसऱ्यांदा मागणी घालतो, या वेळी शार्लटला, आणि ती हो म्हणते. एलिझाबेथला धक्का बसतो. शार्लटच्या घरी मात्र आनंदीआनंद, धाकट्या बहिणींना वाटतं आता आपला नंबर लवकर लागेल, भावांना वाटतं सुटलो, ही आता जन्मभर घरात बसणार नाही. हे वाचताना मला इंग्लंड वगैरे काही आठवत नाही, घरात मोठीचं जमेना म्हणून धाकटीची स्थळं अडकून पडलेली किती घरं पाहिलीत आपण.

आणि लग्नानंतर बघा. मागच्या बाजूची लहान खोली ती स्वतःच्या बसण्यासाठी घेते, पुढची बरी खोली असताना. एलिझाबेथला आधी कळतच नाही, मग लक्षात येतं, रस्ता दिसणारी खोली नवऱ्याकडे ठेवली की तो बग्ग्या बघत तिथेच रमतो, हिच्याकडे कमी येतो. शिवाय बागकाम तब्येतीला किती चांगलं असं सांगून त्याला बागेत पिटाळते. एक शब्द भांडण नाही. एवढ्या बारीक जागेत ऑस्टेनने अख्खा संसार दाखवलाय, डार्सीच्या लांबलचक पत्रापेक्षा मला हे जास्त भारी वाटतं.

लेडी कॅथरीन तर कमालच. डार्सीची सख्खी मावशी, त्याचं एलिझाबेथशी लग्न होऊ नये म्हणून स्वतः बग्गी जोडून येते, एलिझाबेथला दम देते, ती वचन द्यायला नकार देते, मग ही तणतणत जाऊन तेच सगळं भाच्याला सांगते आणि त्यावरून त्याला कळतं की अजून चान्स आहे! मोडायला आली आणि जमवून गेली.

एलिझाबेथची बहीण मेरी बेनेटच्या वाट्याला मात्र काहीच नाही. बिचारी पियानो वाजवायला बसते, तर भर पार्टीत बापच थांबवतो. तिच्यावर ऑस्टेनबाईंनी जरा अन्यायच केला.