बंद पंपावरची टिक

एकाच पंपाचं बेअरिंग चार महिन्यांत तिसऱ्यांदा गेलं, तेव्हा मेंटेनन्सची जबाबदारी घेऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. रात्रीतून बेअरिंग बदलायचं, पहाटे पंप चालू करायचा आणि सकाळी शाबासकी घ्यायची, असं चाललं होतं. आता दोन ओव्हरहॉलमधला, म्हणजे पंप पूर्ण उघडून दुरुस्त करण्यामधला, कालावधीच निम्मा करायचं मी ठरवलं. आमच्या जुन्या फिटरांनी अडवलं. "साहेब, उघडून काय बघणार? आधी बूड बघा."

मोटरच्या पायाला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक, लावून त्यांनी एकेक बोल्ट सैल केला. तीन पायांना काटा जेमतेम थरथरला. चौथा बोल्ट सुटला आणि काटा 0.30 मिलिमीटर सरकला. आम्ही 0.05 पर्यंतच चालवून घेतो. तो पाय अधांतरी होता. बोल्ट आवळला की मोटरची बॉडी पिळायची, अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि पंपाचे दांडे एका रेषेत असणं, बिघडायचं आणि नवंकोरं बेअरिंग त्यात भरडलं जायचं. त्या पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्रा, घातली, अलाइनमेंट नव्याने केलं, पंप शांत झाला.

नंतर वाचलं की विमानांच्या देखभालीवरच्या 1978 च्या अहवालात नोलन आणि हीप यांनी हेच मांडलं होतं: तपासलेल्या घटकांपैकी 89 टक्क्यांना वयाची मर्यादा घालून, म्हणजे ठरावीक वापरानंतर उघडून किंवा बदलून, काहीच फायदा नव्हता. मी निम्मा कालावधी केला असता तर पंप दुप्पट वेळा उघडला असता, पाय तसाच राहिला असता.

पण मला खरा धक्का लॉगबुकने दिला. 'मोटर हादरते' अशी नोंद ऑपरेटरने दोनदा केली होती. पुढे कुणाचीही सही नाही, उत्तर नाही. तिसऱ्या वेळी त्याने लिहिलंच नव्हतं. त्याचा काय दोष?

तेव्हापासून दोष दिसला की यंत्रावर टॅग लावायचा आणि सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी त्या यंत्रापाशीच उभं राहायचं, हे सुरू केलं. नियम एकच: टॅग लावणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर मिळालं पाहिजे. 'आत्ता करत नाही, कारण हे' हेही उत्तरच. पहिल्या महिन्यात टॅगच टॅग लागले. गळती, सैल गार्ड, फुटलेल्या काचेचे गेज.

सहा महिन्यांनी टॅग कमी झाले. मी खूश होतो. मग एक दिवस तपासणीची यादी चाळताना दिसलं, आदल्या दिवशी पंप दिवसभर बंद होता, तरी 'आवाज ठीक, कंपन ठीक' या दोन्हींवर टिक होती. उत्पादनाच्या घाईत सकाळची दहा मिनिटं आधी पाचवर आली होती, मग फोनवर. ती मीच सोडली होती, म्हणून कुणालाही बोललो नाही. ऑपरेटरांना घेऊन बसलो. 42 ओळींची यादी त्यांनीच 11 वर आणली, आणि 'ठीक' काढून तिथे आकडा लिहायचं ठरवलं: प्रेशर किती, बेअरिंगचं तापमान किती. आकडा लिहायचा तर यंत्रापाशी जावं लागतं. शिवाय चार दिवसांचे आकडे शेजारी शेजारी दिसले की चढ आपोआप डोळ्यात भरतो.

सध्या सर्वात जुना टॅग गिअरबॉक्सच्या ऑइल सीलचा आहे, 19 दिवसांचा. सील आलं आहे, पण ते बसवायला शटडाऊन लागेल. टॅगच्या मागे शटडाऊनची तारीख लिहिली आहे. लावणाऱ्याने ती वाचून खाली सही केली आहे.