ट्वीड चॅम्प, आठवडा तिसरा: सर्किट एकदाचं सापडलं

दोन आठवडे नुसते कागद चाळण्यात गेले पण आज सांगण्यासारखं काहीतरी हाती लागलंय. आधीचं माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दादा न्यू जर्सीहून कायमचा पुण्याला परत आला तेव्हा त्याच्या सामानात हा छोटा फेंडर चॅम्प (ट्वीड कापड चढवलेला गिटारचा ॲम्प्लिफायर) होता, तीन व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर, व्हॉल्यूमचं एकच बटण, आणि आतला ट्यूब चार्ट (कुठला व्हॉल्व्ह कुठे ते सांगणारा कागद) नेमका सर्किट नंबरवरच फाटलेला. आधी ५ दिसतो, शेवटी १ दिसतो, मधलं अक्षर गायब.

त्या नंबरात ५ म्हणजे पन्नासचं दशक, मधलं अक्षर म्हणजे सर्किटची आवृत्ती आणि शेवटचा १ म्हणजे चॅम्प (२ प्रिन्स्टन, ३ डिलक्स). म्हणजे सगळं अडलं होतं ते एका अक्षरावर. ५सी१ नाही हे लगेच कळलं कारण त्यात पहिला व्हॉल्व्ह ६एसजे७ असतो आणि माझ्यात नऊ पिनांचा १२एएक्स७ आहे. ५ई१ मध्ये पॉवर सप्लायला चोक (तारेचं वेटोळं) असतो, इथे त्या जागी १०के (दहा हजार ओहम) चा रेझिस्टर. जवळचा वाटला तो ५एफ१.

तरी खात्री नव्हती, मग तारखेच्या मागे लागलो. चार्टवर दोन अक्षरी शिक्का असतो, पहिलं अक्षर वर्षाचं (ए म्हणजे १९५१ आणि तिथून पुढे), दुसरं महिन्याचं. माझ्याकडे दुसरं एफ म्हणजे जून एकदम स्वच्छ आहे पण पहिल्याची नुसती उभी रेघ उरलीय, आय असेल तर १९५९, एल असेल तर १९६२. टॉर्च तिरका धरून बघितलं, मोबाईलवर फोटो मोठा करून बघितला, काही उपयोग नाही. शेवटी पॉट (व्हॉल्यूमच्या बटणामागचा भाग) साफ करताना पाठीवर ३०४९१४ दिसलं, ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ९ म्हणजे ५९ साल, १४ वा आठवडा. स्पीकरवर ४६५९१७, म्हणजे ऑक्सफर्ड, ५९ चा १७ वा आठवडा. दोन्ही वस्तू एप्रिलच्या, ॲम्प जूनचा. बसलं सगळं! पॉट एकटा असता तर मी विश्वास ठेवला नसता, कारण तो नंतर कुणी बदललेला असू शकतो किंवा कारखान्यात वर्षभर पडून राहिलेला असू शकतो, पण दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे जुळले की बोलणंच संपलं.

मग ५एफ१ चा स्किमॅटिक (सर्किटची आकृती) आणि लेआउट (सुटे भाग कुठे बसतात त्याचं चित्र) दोन्ही प्रिंट काढून शेजारी ठेवले. पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, त्यावर २५-२५ लिहिलंय ते २५ मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, आणि नुसतं .०२ दिसलं की तेही मायक्रोफॅरडच. मी मात्र आधी बोर्ड बघून स्वतःच्या हाताने वहीत सर्किट उतरवलं आणि मगच प्रिंटशी ताडलं, आणि हे केलं म्हणूनच फरक सापडला. स्पीकर जॅकपासून १२एएक्स७ च्या दुसऱ्या कॅथोडला जाणारा २२के चा फीडबॅक रेझिस्टर (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे पाठवणारा) माझ्या ॲम्पमध्ये नाहीच! आधी वाटलं आपण चुकीचं सर्किट धरलंय, पुन्हा सगळं मागे. पण जॅकवर जुन्या सोल्डरमध्ये कापलेल्या वायरचं टोक आणि बोर्डवर एक रिकामं आयलेट (सोल्डर करायचं भोक) सापडलं. म्हणजे आधीच्या कुणीतरी आवाज मोठा आणि खरखरीत व्हावा म्हणून तो मुद्दाम काढलाय. समोर प्रिंट ठेवून बघत बसलो असतो तर डोळ्यांनी तो आपोआप तिथे बघितला असता.

काल तपकीर गल्लीतून अर्ध्या वॉटचा २२के आणला. फिल्टर कंडेन्सर आधी रेझिस्टरने डिस्चार्ज करून मीटरने शून्य बघितलं (यात बी प्लसला, म्हणजे व्हॉल्व्हच्या मोठ्या व्होल्टेजला, साठलेला चार्ज आपोआप उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर नाही, बंद ॲम्पसुद्धा झटका देतो, कृपया हे सोडू नका). स्टेपडाऊन (घरातला व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) ११० व्होल्टवर लावलाय, अमेरिकन ११७ चा हट्ट धरला नाही कारण आपल्या ५० हर्ट्झवर साठ हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. आधी सिरीज बोर्डवर बल्ब लावून (शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो) चालू केला, मग सरळ. ६व्ही६ च्या कॅथोडवर ४७० ओहमला २०.१ व्होल्ट, म्हणजे साधारण ४३ मिलिअँप.

२२के जोडून आणि काढून दोन्ही ऐकलं. जोडल्यावर आवाज थोडा कमी होतो पण खालच्या तारा एकमेकीत मिसळत नाहीत, ई कॉर्ड हळू वाजवली तरी प्रत्येक तार सुटी ऐकू येते. मी जोडलेलाच ठेवलाय. पुढच्या आठवड्यात १६-८-८ (मायक्रोफॅरड) चे फिल्टर कंडेन्सर.