आमची वाटचाल: कंट्रोल बी दोनदा

२००४ ला बेळगावात टिळकवाडीत भावाच्या घरातल्या वरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून अॅनिमेशनच्या कामाला सुरुवात केली. उद्यमबागेतले फौंड्रीवाले, हायड्रॉलिक्सवाले हेच आमचं गिऱ्हाईक, आणि त्यांना पाहिजे काय तर मशीन स्क्रीनवर हललं पाहिजे. पिस्टन पुढं-मागं झाला, तेल लाल-निळं होऊन पाइपातनं फिरलं की मालक खूश. तेव्हा हे करायचं म्हणजे फ्लॅश नावाचं अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर, दुसरा विचारच नव्हता. मॅक्रोमीडिया कंपनीचं होतं ते, २००५ च्या शेवटी अडोबीकडं गेलं. टाइमलाइनवर की-फ्रेम, म्हणजे सुरुवातीचं आणि शेवटचं चित्र टाकायचं, ट्वीन मारलं की मधली हालचाल आपोआप, झालं काम. चित्रकला केलेला पोरगा पण चार दिवसात शिकायचा. (आणि हो, 'स्किप इंट्रो'वाल्या होमपेजचं पाप आमच्या पण खात्यावर आहे, गणपती गोल गोल फिरत यायचा!)

खरं त्रास अक्षरांचा. आमच्याकडं शॉपफ्लोअरवर निम्मी माणसं मराठी वाचणारी, निम्मी कन्नड, त्यामुळं प्रत्येक अॅनिमेशन दोन भाषेत. युनिकोडमध्ये टाइप केलं की फ्लॅशमध्ये जोडाक्षरं विस्कटायची, वेलांटी भलत्याच जागी. मग श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप करायचं आणि कंट्रोल बी दोनदा दाबायचं, पहिल्यांदा अक्षरं सुटी होतात, दुसऱ्यांदा त्यांचं नुसतं चित्र होतं. दिसायला एक नंबर, खरं गिऱ्हाईक म्हणालं 'पिस्टन'चा 'पि' दीर्घ झालाय बघा, की ती ओळ पुसून परत पहिल्यापासनं. एका कॅटलॉगात असं अठरा वेळा केलंय मी, रात्री अडीच वाजता.

२००८ ला मोठं काम आलं, बोअर आणि स्ट्रोक निवडला की सिलिंडरचं ड्रॉइंग तिथल्या तिथं बदलायचं. फ्लॅशवरच चालणारं फ्लेक्स घ्यायचं की मायक्रोसॉफ्टचं तसलंच सिल्व्हरलाइट, यावर आमच्यात दोन आठवडे भांडण. ऑफिसातला एक पोरगा सारखा म्हणत होता, सर ब्राउझरच्याच जावास्क्रिप्टमध्ये करूया की. त्याला आम्ही हसलो. फ्लेक्स घेतलं, कारण फ्लॅशची सवय होती, एवढंच कारण, उगाच काहीतरी अभ्यास करून ठरवलं असं सांगणार नाही. आता बघितलं तर दोन्ही गेले आणि तो पोरगा बेंगळुरात मजेत आहे.

२०१० ला स्टीव्ह जॉब्सनं उघड पत्र लिहून आयफोन-आयपॅडवर फ्लॅश का नको ते सांगितलं, त्याच वर्षी एका गिऱ्हाइकाचा मुलगा आयपॅड घेऊन आला आणि आमच्या सिलिंडरच्या जागी रिकामा चौकोन. मी म्हटलं, बेळगावात आयपॅड किती जणांकडं असणार? २०११ च्या नोव्हेंबरात अडोबीनंच मोबाइलचा फ्लॅश प्लेअर, म्हणजे फ्लॅश चालवून दाखवणारा प्रोग्राम, बंद करायचं जाहीर केलं. मग नवी कामं कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझर स्वतःच चित्र काढतो त्याच्यावर, घ्यायला लागलो, खरं जुन्याला हात लावला नाही, कारण चालू असलेलं परत करायला पैसे कोण देणार? अडोबीनं २०१७ ला सांगितलं होतं की फ्लॅश २०२० च्या अखेरीस संपणार, साडेतीन वर्षं होती हातात. आणि १२ जानेवारी २०२१ ला, संक्रांत दोन दिवसांवर, एका कारखान्याच्या ट्रेनिंग रूममधनं फोन, 'ओ, तुमचं मशीन उघडेना झालंय, नुसता एक इंग्लिश 'आय' दिसतोय.' त्या दिवसापासनं प्लेअर स्वतःच फ्लॅश चालवायला नकार देत होता.

अशी बारा कामं होती. बदल करता येणाऱ्या मूळ एफएलए फाइल सापडल्या पाचच, बाकीच्यांची नुसती तयार होऊन चालणारी एसडब्ल्यूएफ. चूक आमचीच, जुनी हार्डडिस्क विकून टाकलेली. फ्लॅश प्लेअरचं काम करणारा रफल नावाचा इम्युलेटर लावून बघितला, अॅक्शनस्क्रिप्ट २ ची (अॅक्शनस्क्रिप्ट म्हणजे फ्लॅशची प्रोग्रामिंगची भाषा) कामं बऱ्यापैकी चालली, ३ ची तेव्हा नाहीच. आणि कंट्रोल बी मारलेला मजकूर? चित्रच ते, कॉपी कुठनं होणार. सगळी वाक्यं स्क्रीन बघून हातानं टाइप केली, मराठी बायकोनं आणि कन्नड शेजारच्या अक्कांनी.

परत करायचं कशात हे ठरवताना यावेळी आम्ही सगळ्यात आधी अक्षरं बघितली. लॉटी नावाचा अॅनिमेशनचा प्रकार छान आहे, अडोबीच्या आफ्टर इफेक्ट्समधनं काढलेली फाइल हलकी, आयकॉन वगैरे हलवायला मस्त, खरं मजकूर आत घातला की परत तेच, अक्षरांचं चित्र करा. शेवटी मशीन एसव्हीजीत, म्हणजे रेषांच्या चित्राच्या फाइलीत, हलवायला जीसॅप नावाची जावास्क्रिप्टची लायब्ररी, आणि अक्षरं साधी एचटीएमएलमध्ये वरनं. जीसॅप म्हणजे ओळखीचाच माणूस, फ्लॅशच्या दिवसात त्याचंच ट्वीनलाइट आम्ही अॅक्शनस्क्रिप्टात वापरायचो. तेव्हा त्याचे काही प्लगिन पैसे देऊन घ्यावे लागले, २०२५ मध्ये सगळे फुकट झाले, जाऊ दे!

तरी खोड्या आहेतच. अक्षरं एकेक करून आत येणारा इफेक्ट इंग्लिशला झकास, 'क्षेत्र'ला लावला तर तो 'क्ष'चे तुकडे करतो आणि एकार ठिपक्यांच्या गोलावर लटकतो. म्हणून आम्ही शब्दावर तोडतो, अक्षरावर नाही. कन्नडला वेगळंच, तिथं जोडाक्षराचा निम्मा भाग खाली लटकतो, ओळ झाकून वर सरकवली की तो कापला जातो, लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची वाढवायलाच पाहिजे. आणि स्वस्तातल्या अँड्रॉइडवर सेकंदाला ६० फ्रेम पाहिजे असतील तर एका फ्रेमला सोळा-सतरा मिलिसेकंदच मिळतात, म्हणून फक्त ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं) आणि ओपॅसिटी (फिकट-गडद) हलवायची, पानावरची जागा ठरवणाऱ्या लेफ्ट-टॉपला हात लावला की फोन धापा टाकतो.

मागच्या महिन्यात नवीन पोरगा राइव्ह नावाचं अॅनिमेशनचं नवं सॉफ्टवेअर घेऊन आला, म्हणाला सर हेच आता भविष्य. मी म्हटलं बरं, आधी दोन ओळी टाकून आण, मराठीत 'हायड्रॉलिक क्षेत्र' आणि कन्नडमध्ये 'शक्ति', आणि फाइल सेव्ह करून माझ्या जुन्या फोनवर उघडून दाखव. अजून बसलाय तो, दुपारपासनं चहाला पण उठला नाही.