सहा डॉलरला एक सँड डॉलर

सिएटलला लेकीकडे पाच आठवडे राहिले. स्पेस नीडल पाहिली. रेनियर पर्वत ढगात होता, तो मुळीच दिसला नाही. बाजारात मासे हवेत फेकून झेलतात म्हणून गर्दी लोटते, तिथे 'आमच्या हर्णैचा लिलाव बघा एकदा' असं मनात म्हणून बाहेर पडले. लिहायचंय ते कार्कीक पार्कच्या किनाऱ्यावरच्या वीस मिनिटांबद्दल. ती वीस मिनिटं मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, बगळ्यासारखी एकाच जागी उभी होते.

दिवस लेकीने निवडला. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. मी तोच हिशोब सांगायला गेले, तर तिने फोनवरचं कोष्टक पुढे केलं. इथे दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, आणि उन्हाळ्यात मोठी ओहोटी नेमकी भर दुपारी येते. रेल्वेच्या रुळांवरचा पूल ओलांडून, लोखंडी जिना उतरून खाली गेलो तर समुद्र लांब मागे सरलेला. चपला हातात घेऊन मी थेट पाण्याकडे निघाले. कोकणातली बाई, मला किनारा कोण शिकवणार?

नातू ओरडला, "आजी, स्टॉप!"

खाली पाहिलं. मला वाटलं होतं ओले दगड आहेत. काळपट जांभळ्या चकत्या, तळहातात मावतील एवढ्या. अर्ध्या वाळूत रुतलेल्या, काही एकमेकींवर चढलेल्या, पुढे, मागे, दोन्ही बाजूंना. पायाखाली काहीतरी करकरलं होतं, ते आत्ता आठवलं.

निळ्या बिनबाह्यांच्या जाकिटातली एक स्वयंसेविका आली. तिने मला दटावलं नाही, आणि त्यामुळेच जास्त मेल्यासारखं झालं. म्हणाली, हलू नका, मी वाट दाखवते. पण वाट दिसेना, म्हणून तिथेच उभ्या उभ्या मला या प्राण्याची सगळी कुंडली ऐकवली.

एक जिवंत चकती तिने ओल्या हातावर ठेवून दाखवली. अंगभर मखमलीसारखी लव. ती लव म्हणजे बारीक काटे, आणि ते सगळे हलत होते! हाच सँड डॉलर, समुद्री साळिंदराचा (सी अर्चिनचा) आणि तारामाशाचा भाऊबंद. पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल असतं, या जातीत ते मध्यापासून जरा सरकलेलं; त्या पाकळ्यांतून तो श्वास घेतो. भरतीचं पाणी असलं की हे सगळे वाळूत कडेवर उभे राहतात, ताटाळ्यात लावलेल्या ताटांसारखे, आणि वाहून येणारं सूक्ष्म अन्न टिपतात. लाटा वाढल्या की आडवे. पिल्लं तर वाहून जाऊ नये म्हणून वाळूतले जड, लोहयुक्त कण निवडून गिळतात. पोटात वजन घेऊन बसायचं!

नर-मादी दोघंही आपला ऐवज पाण्यात सोडून देतात. अळ्या कित्येक आठवडे तरंगत भटकतात, आणि खाली उतरायची वेळ आली की मोठ्यांच्या वासावर वस्तीतच येतात. कारण मोठे सतत वाळू उकरत असल्यामुळे पिल्लं खाणारे चिमुकले कवचधारी किडे तिथे टिकत नाहीत. भटकताना माशाची चाहूल लागली तर अळी स्वतःची प्रत काढते. माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत स्रावाने हे घडतं, असं 2008 साली इथल्याच विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवलं. एकीच्या दोन झाल्या की दोघीही लहान, माशाला दिसायला अवघड. नातवाला हे फारच आवडलं. गृहपाठाच्या वेळी आपणही असं करावं, असा त्याचा विचार दिसला.

अशी चकती दहा-बारा वर्षंही जगू शकते. म्हणजे माझ्या पायाखाली करकरलेली कदाचित नातवापेक्षा वयाने मोठी होती. हे मी कोणाला बोलले नाही.

शेवटी आल्या पावलांच्या ठशांत पाय ठेवत उलटी चालत बाहेर आले. लेक व्हिडिओ काढत होती, तो व्हॉट्सॲपवर सगळ्या नातेवाइकांकडे पोचलाय.

खरी गोची घरी होती. आदल्या आठवड्यात एका भेटवस्तूंच्या दुकानातून मी सहा डॉलरला पांढराशुभ्र सँड डॉलर, म्हणजे याच प्राण्याचा मेल्यावर उरलेला सांगाडा, घेतला होता, भावजयीला द्यायला. लहानपणी गुहागरच्या पुळणीवर अशा पांढऱ्या चकत्या फुकट वेचायचो. ती काहीतरी 'शिंपली' आहे, एवढीच आमची समजूत. आता बॅगेतून काढून नातवाच्या हातात दिली. त्याने ती कानाशी हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

"दात," तो म्हणाला. "याचे पाच दात असतात, आजी. आंटीने सांगितलं ना."

मी ऐकलं नव्हतं. तेव्हा मी पाय कुठे ठेवायचा ते बघत होते.